रुपयात बारा आणे दुखतंय

"कधीपासून दुखतंय?" हा डॉक्टरांचा सर्वांत सोपा प्रश्न. नाशिक जिल्ह्यात त्याचं उत्तर तारखेत मिळत नाही. दिंडोरीचा बागाईतदार सांगतो, "गोडी छाटणीपासून." निफाडची बाई सांगते, "उन्हाळ कांदे काढले ना, तेव्हापासून." कळवणच्या आजी वणीच्या गडावरची चैत्री यात्रा धरून मोजतात, त्र्यंबककडचे आजोबा निवृत्तीनाथांची पौषातली यात्रा धरून, आणि ज्यांच्याकडे बाग नाही, कांदा नाही, यात्राही चुकली, ते "धाकटीच्या हळदीपासून". खुर्चीतला डॉक्टर बिकानेरकडचा असेल तर त्याला आधी धाकटी कोण, तिची हळद कधी झाली आणि इथे हळद हा आजार समजायचा की औषध, एवढं विचारून घ्यावं लागतं. डॉक्टर लोक याला हिस्टरी घेणे म्हणतात. आमच्याकडे तो खरोखरच इतिहास असतो, वंशावळीसकट.

गंमत अशी, की ही उत्तरं मोघम नाहीत. द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा: एप्रिलच्या सुमाराला खरड, ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी. "गोडीपासून" म्हटलं की ऐकणाऱ्या बागाईतदाराला महिना तर कळतोच, वर औषध फवारताना माणूस किती तास पाठीवर पंप घेऊन फिरला असेल हेही कळतं. डॉक्टरला ते कळत नाही, कारण त्याच्याकडे बाग नसते. म्हणजे डिग्री झाल्यावर तो घेतो, पण तोवर दवाखाना चांगला चाललेला असतो आणि प्रश्न विचारायला त्याने असिस्टंट ठेवलेला असतो.

दुसरा प्रश्न, "किती दुखतंय?" हल्ली यासाठी दहापैकी गुण मागायची पद्धत आली आहे. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही, तर तुमचं किती? आपल्याकडे गुण द्यायचं काम मास्तरांचं. आजी म्हणतात, "तुम्हीच द्या काय ते." व्यवहारी पेशंट विचार करतो, की दहा सांगितलं तर ॲडमिट करतील, दोन सांगितलं तर हाकलून देतील. तो पाच सांगतो. कोणत्याही ओपीडीतले केसपेपर चाळा, निम्मी जनता पाचावर दुखते आहे.

याच आजींना दुसऱ्या दिवशी नुसतं विचारा, "आज कसंय?" उत्तर तयार असतं: "रुपयात बारा आणे राहिलंय. चार आणे फरक आहे." नवे पैसे १९५७ साली आले आणि आणे व्यवहारातून गेले. पुढे नवे पैसे जुने झाले, नाणी बंद पडली, लोक मोबाईल दाखवून भाजी घ्यायला लागले. दुखण्याचा हिशेब मात्र अजून आण्यांतच चालतो. आणि सोळा आण्यांचं माप दहा गुणांपेक्षा बारीक आहे, हे कोणीही कागदावर मांडून बघावं.

बरं, नुसतं "दुखतं" असं तरी कोण म्हणतो? डोकं ठणकतं, भणभणतं, जड होतं. पोटात कळ येते, मुरडा येतो, ढवळतं, गुबारा धरतो. पाठीत उसण भरते, चमक निघते. पोटऱ्यांत गोळे येतात, हाताला मुंग्या येतात. अंगात कसकस असते किंवा कणकण असते. कसकस वेगळी, कणकण वेगळी, आणि या दोन्हींतला फरक थर्मामीटरला कळत नाही, आईला कळतो. एवढा ऐवज घेऊन माणूस दवाखान्यात जातो आणि समोरचा विचारतो, "पेन है क्या?"

भाषेची अडचण म्हटलं की लोकांना केरळची सिस्टर आणि निफाडचा शेतकरी एवढंच डोळ्यासमोर येतं. ती जोडी आहेच, आणि सांगायचं तर ती सर्वांत सुखी जोडी आहे. एकमेकांचं कळत नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, त्यामुळे दोघंही हातवारे करतात, सिस्टर स्वतःचं पोट दाबून दाखवते, शेतकरी मान हलवतो आणि काम होतं. खरी पंचाईत होते ती दोघांनाही मराठी येतं तेव्हा.

पंधरा तालुक्यांचा आपला जिल्हा. सटाणा, मालेगाव, देवळा, कळवणच्या बाजूला अहिराणी, सुरगाणा, पेठेकडे कोकणा आणि वारली, पलीकडे डांग सुरू होईपर्यंत, इगतपुरीच्या घाटमाथ्यावर आणखी वेगळं वळण, मालेगावात उर्दू, सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे भोजपुरी. हे सगळे लोक एकाच जिल्हा रुग्णालयाच्या एकाच रांगेत उभे असतात. पुण्याहून आलेल्या डॉक्टरबाईंना वाटतं, नाशिक म्हणजे आपलंच. पहिल्याच दिवशी समोरची आजी म्हणते, "पोटमा दुखी राह्यनं." बाई दोनदा विचारतात, आजी दोनदा सांगते, आवाज तेवढा वाढतो. ग्रिअर्सनसाहेबाने १९०७ साली आपल्या भाषा-सर्वेक्षणात खानदेशीला भिल्ली भाषांच्या खंडात नेऊन बसवलं. साहेबाचं चूक की बरोबर यावर विद्वान अजून भांडतात. आजीला हे कोणी कळवलेलं नाही, आणि तिच्या मते तर पुण्याच्या बाईंनाच नीट बोलता येत नाही.

राज्यभरातल्या डॉक्टरांच्या पदव्या जिथून निघतात ते १९९८मध्ये स्थापन झालेलं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच म्हसरूळला आहे. सरकारी कॉलेजांतल्या पदवीच्या १५ टक्के आणि पदव्युत्तरच्या ५० टक्के जागा देशभरातून भरतात. म्हणजे रात्री दोन वाजता वॉर्डात धावणारं पोर राजस्थानचं, तामिळनाडूचं किंवा बिहारचं असायचंच. आपली पोरंही तशीच तिकडे जातात आणि तिकडच्या आज्यांना छळतात, तेव्हा याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. याची जाणीव वरच्यांनाही झाली. २०१९मध्ये एमबीबीएसचा नवा अभ्यासक्रम आला, त्यात सुरुवातीलाच फाउंडेशन कोर्स असतो आणि त्यात स्थानिक भाषेचे धडे असतात. कल्पना उत्तम. फक्त धडे देणारे मराठीचे जाणकार असल्यामुळे मराठी पुस्तकातलं शिकवलं जातं. मग ते राजस्थानी पोर वॉर्डात येऊन नव्वदीच्या आजीला अदबीने विचारतं, "आपणांस कोठे वेदना होत आहेत?" आजी मागे वळून बघते, हा कोणाशी बोलतोय म्हणून. "वेदना-बिदना काही नाही रे लेकरा," ती म्हणते, "नुसतं दुखतंय." पोर केसपेपरवर प्रामाणिकपणे लिहितं: वेदना नाही.

मग त्याच्या सोयीसाठी पेशंट हिंदीत उतरतो. आपलं हिंदी म्हणजे मराठीच्या वाक्यामागे 'है'. "साहब, पीठ में उसण भरा है." डॉक्टर गंभीर. "कितना भरा है?" "बहुत भरा है साहब, झुकने को नहीं आता." भरलंय म्हणजे पाणी की पू, या शंकेने डॉक्टर सोनोग्राफी लिहून देतो. सोनोग्राफीत उसण दिसत नाही. ती दिसत नसतेच. पायाळू माणसाने पाठीवर पाय ठेवला की जाते, असं पेशंटचं मत असतं, पण पायाळू माणूस कुठल्या वॉर्डात बसतो हे विचारायची त्याला हिंमत होत नाही.

या दोघांच्या मध्ये सरकारची म्हणून एक तिसरी मराठी उभी आहे. ती फलकांवर राहते. 'क्ष-किरण विभाग' या पाटीखाली थांबून एक बाई वॉचमनला विचारत होत्या, "एक्स-रे कुठं काढतात हो?" "ही काय पाटी, वाचा की." बाईंनी वाचली. शिकलेल्या होत्या. "ह्याच्यात एक्स कुठंय?" वॉचमननेही मग प्रथमच नीट वर बघितलं. 'बाह्यरुग्ण', 'शल्यचिकित्सक', 'अस्थिव्यंगोपचार' ही तर मंत्रालयातून थेट आलेली मंडळी. त्यांच्याशी रुग्णांचा बोलण्याचा संबंध नाही. लोक गर्दी बघून रांग ओळखतात. पाय प्लॅस्टरमध्ये दिसले की ती हाडांची, पोरं रडताना दिसली की ती मुलांची.

यातून पार पडून पेशंटच्या हातात येते ती चिठ्ठी, आणि तिच्यावर लॅटिन असतं. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीपुढे डॉक्टर 'बीडी' लिहितात. २०१६ पासून नियम आहे की औषधाचं नाव वाचता येईल असं, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावं. त्यामुळे हल्ली बीडी अगदी स्वच्छ वाचता येते. आता सिन्नरकडे घरोघरी विड्या वळण्यात बायांच्या पिढ्या गेल्या. तिथल्या एका घरात सातवीतल्या पोराने चिठ्ठी वाचून आजोबांना सांगितलं, "डॉक्टरांनी जेवणानंतर बीडी लिहिलीय." आजोबांनी तो डॉक्टर जन्मभर सोडला नाही.

हे लॅटिन शेवटी सुटतं मेडिकलवाल्या भाऊंच्या काउंटरवर. भाऊ पट्टी कात्रीने कापतात, कापलेल्या तुकड्यावर पेनाने सूर्य काढतात, दुसऱ्यावर चंद्र काढतात, आणि बोलताना एक शब्द जास्तीचा वापरत नाहीत: "ही सकाळची, ही रात्रीची. ही मधली, दुखलं तरच." अख्ख्या आरोग्यव्यवस्थेत एवढं सुबोध वाक्य दुसरं कोणी बोलत नाही. पॅथॉलॉजीवाल्यांनी हे भाऊंकडून शिकायला हवं. ते सांगतात, "शुगर तपासायचीय ना, उद्या उपास करून या." उपास म्हटल्यावर माणूस उपास करतो. पहाटे उठून साबुदाण्याची खिचडी, दोन रताळी, वर वाटीभर दही आणि मग बाही वर करून लॅबमध्ये हजर. एकादशी अन् दुप्पट खाशी ही आपली रीत. रिपोर्टात साखर मावत नाही. 'उपाशीपोटी या, चहासुद्धा नको' एवढं सांगायला दोन सेकंद लागतात.

इथवर झालं ते अनोळखी माणसांचं. पण सगळ्यांत धोकादायक दुभाष्या घरचाच असतो: सोबत आलेला मुलगा.

प्रसंग कोणत्याही दवाखान्यातला. डॉक्टर मराठी, आई मराठी, मुलगा मराठी, तरीही मुलगा दुभाष्या. डॉक्टर आईकडे बघून विचारतात, "काय होतंय, आई?" आई पदर सावरून सुरू करते, "काही नाही रे बाबा, आपलं पोळ्यापासून जेवलं ना, की इथं असं जळतं, मग वाईच पाणी प्यायलं की बरं वाटतं, पण परवा जिना चढताना दमच लागला, अन् ह्या हाताला असं जड जड, तर सूनबाई म्हणाली..." सूनबाईचं नाव निघताच मुलगा मध्ये पडतो. "ॲसिडिटी आहे, डॉक्टर." पोळा गेला, जिना गेला, जड झालेला डावा हात गेला. चांगला डॉक्टर असेल तर तो मुलाला हाताने थांबवून जिन्यापाशी परत जातो, कारण खरी बातमी जिन्यावर असते. घाईतला डॉक्टर ॲसिडिटीची गोळी लिहितो. वर्तमानपत्रात इतकी काटछाट झाली तर लेखक राजीनामा देतो. आई नुसती गप्प बसते.

परतीचं भाषांतर याहून चोख. डॉक्टर पाच मिनिटं समजावतात: मीठ किती, तेल किती, चालायचं किती, गोळी मध्येच का सोडायची नाही, पुढच्या महिन्यात काय तपासायचं. आई जिना उतरताना विचारते, "काय म्हणाले रे?" मुलगा सांगतो, "काही नाही. गोळ्या दिल्यात. लोणचं बंद." बीपी असो, शुगर असो, मोतीबिंदू असो, वैद्यकशास्त्राचं मराठीत भाषांतर 'लोणचं बंद' असंच होतं.

आणि बाईचं दुखणं बाईचं असेल, तर मुलगा, नवरा किंवा दीर मध्ये बसलेला असताना ते निघतच नाही. "अंगावरून जातं" हे तीन पुरुषांसमोर कोण बोलणार? मग "कंबर दुखते" यावर भागवतात. कंबरदुखीच्या गोळ्या घेऊन परत जातात, आणि दुखणं सहा महिन्यांनी मोठं होऊन येतं.

या ठिकाणी मावशी लागते.

मावशी म्हणजे सरकारी दवाखान्यातल्या आयाबाई. निळी साडी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, गालात मिश्री. कागदोपत्री तिचं काम साफसफाई आणि बेडपॅन. प्रत्यक्षात ओपीडीची निम्मी भाषा ती चालवते. मी एकदा हरसूलकडच्या एका जोडप्याच्या मागे रांगेत होतो. आत डॉक्टर उत्तरेकडचा, विशीतला. बाईला काही विचारलं की नवराच उत्तर द्यायचा, तेही नुसतं "हो." जुलाब होतात का? हो. होत नाहीत का? हो. मावशी फडकं मारता मारता हे ऐकत होती. तिने फडकं खांद्यावर टाकलं, केसपेपर नवऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "दाजी, ह्याच्यावर शिक्का राह्यलाय. खालून मारून आणा." दाजी गेले. असा शिक्का त्या इमारतीत अस्तित्वात नव्हता, त्यामुळे दाजी बराच वेळ निवांत या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग ती बाईशेजारी टेकली आणि तिच्या बोलीत काहीतरी पुटपुटली. बाई सुरू झाली ती थांबेना. मावशीने सगळं ऐकून घेतलं आणि डॉक्टरकडे वळून अहवाल दिला: "सर, दो महिना से उसको अंग पर से जाता है. लाल नै, सफेद. वास मारता है. नीचे कळ है. और घर में किसी को बताया नै, आप भी बताने का नै." नवशिक्या डॉक्टरला हवी ती प्रत्येक गोष्ट त्यात होती, शेवटच्या वाक्यात तर रुग्णाच्या गोपनीयतेवरचं अख्खं प्रकरण होतं. डॉक्टरने बाहेरून लेडी डॉक्टरला बोलावून घेतलं. पेशंट तिला "सिस्टर" म्हणाली. लेडी डॉक्टरांना आपल्याकडे सिस्टरच म्हणतात. त्यांनीही आता त्यावर रागवायचं सोडलं आहे.

हेच काम पाड्यांवर आशाताई करतात. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आलं, त्यातून आशा आल्या. पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरची बाळंतीण प्राथमिक आरोग्य केंद्रात येते तेव्हा तिच्यासोबत तिची आशाताई असते आणि डॉक्टर काय म्हणाले ते तिच्या भाषेत तिला सांगते. आशांना कामागणिक मोबदला मिळतो. बाळंतपणाला सोबत करण्याचा मिळतो, लसीकरणाचा मिळतो. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळवण्याचं कलम त्या यादीत नाही. मावशीच्या पगारपत्रकात तर बेडपॅनच आहे.

नाशिकला खरं तर डॉक्टरची सोबत करण्याच्या या धंद्याची जुनी ओळख आहे. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, ते शरणपूर म्हणजे १८५४मधली मिशनऱ्यांची वस्ती. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकेतली मुलं तिथे शिकत. त्यांतली काही पुढे आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या मोहिमेत गेली, आणि लिव्हिंग्स्टन पेशाने डॉक्टर होता हे विसरू नका. तो १८७३ साली वारला, तेव्हा शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट त्याच्या पार्थिवासोबत थेट लंडनपर्यंत गेला आणि १८७४च्या एप्रिलमध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्ययात्रेत मानकऱ्यांमध्ये उभा होता. दीडशे वर्षांपूर्वी नाशिकचं पोर डॉक्टरची सोबत करायला तीन खंड पालथे घालत होतं, आणि आज ओपीडीत तेच काम फडकं मारता मारता उरकावं लागतं.

कोणी म्हणेल, आता मोबाईल आहे. आहे ना. एका रेसिडेंटने मोठ्या उत्साहाने आजोबांच्या तोंडासमोर फोन धरला. आजोबा म्हणाले, "ऑपरेशन म्हटल्यावर पोटात गोळाच आला." फोनने हिंदीत सांगितलं, पेट में गोला आया है. पोराने ताबडतोब पोट चाचपायला घेतलं. गोळा सापडेना. आजोबांना वाटलं, ऑपरेशन इथेच सुरू झालं.

२०२७च्या कुंभमेळ्याची तयारी सध्या शहरात जिथे-तिथे दिसते. रस्ते खणलेत, पूल, घाट, टेंडरं, बैठका. देशभरातून माणसं येतील, आणि रामकुंडावर डुबकी मारलेल्या लाखो माणसांतल्या काहींना ताप भरेल, कोणाची शुगर उतरेल, कोणाचा पाय घसरेल. ते तेलुगूत कळवळतील, ओडियात कळवळतील. एखादा साधू "बाबा, काही व्यसन?" या प्रश्नावर "नहीं बच्चा, केवल प्रसाद" असं सांगेल, आणि त्या प्रसादाची मात्रा डॉक्टरला विचारून घ्यावी लागेल. तेव्हा प्रशासनाला एवढंच सांगणं आहे, की इतक्या खर्चात प्रत्येक दवाखान्यात डॉक्टरच्या टेबलाशेजारी एक खुर्ची जास्तीची मांडा, तिच्यावर मावशीला बसवा, आणि तिच्या पगारपत्रकात बेडपॅनच्या वर एक ओळ वाढवा. निळी साडी तीच राहू द्या.

आणि तुम्ही, जे आईला घेऊन दवाखान्यात जाता, तिच्या आधी बोलता आणि जिन्यावर लोणचं बंद करता: पुढच्या खेपेला तिला खुर्चीत बसवा, जुने कागद आणि गोळ्यांच्या पट्ट्या तिच्या हातात द्या, आणि तुम्ही खाली जाऊन शिक्का मारून आणा.